नाबरशेठची सही

वायरमन सावळाराम धुरी बावीस वर्षं नाबरशेठकडे राबले आणि खांबावर शॉक लागून गेले. "सर्टिफिकेट नव्हतं, काम येत नव्हतं, चूक त्याचीच," असं सांगून ठेकेदार नाबरशेठने भरपाई नाकारली.

वर्षश्राद्धाआधीच मुलगी रेवती आयटीआयमध्ये वायरमनच्या प्रवेशासाठी रांगेत उभी राहिली. स्वस्तातली माणसं हेरायला शेठ फाटकाशी होतेच.

"दोन वर्षं आणि एवढी फी कशाला घालवतेस? माझ्याकडे उद्यापासून रोजावर ये. तुझ्या बापाकडे कुठे कागद होता? तरी त्याच्यासारखा वायरमन तालुक्यात नव्हता," शेठ चारचौघांत म्हणाले.

"एवढंच लिहून सही करून द्या, शेठ," रेवती म्हणाली. "भरपाईच्या अर्जाला जोडते."

शेठ गाडीकडे वळले.

रेवतीने फॉर्म भरायला घेतला. स्वतःच्या फॉर्मवर वडिलांच्या नावाआधी पहिल्यांदाच 'कै.' लिहिताना मात्र तिचा हात अडला.