मिरी मुंगी आणि आजचं चीज

एक होती मुंगी. काळी काळी, एवढीशी. मिरीच्या दाण्यासारखी. म्हणून तिचं नाव मिरी.

मिरीला एक धाकटी बहीण होती. ती तर मिरीहून बारकी. तिचं नाव खसखस.

टेकडीच्या पायथ्याशी शेवंतामावशीचं घर होतं. घराच्या भिंतीत होती एक फट. त्या फटीत मिरी आणि खसखस राहायच्या.

शेवंतामावशी चीज करायची. शेळीच्या दुधाचं चीज. फळीवर ओळीनं मांडून ठेवायची. मऊ चीज, कडक चीज. खारट चीज, आंबट चीज. धुरावर धरलेलं खमंग चीज. भोकं भोकं असलेलं जाळीचं चीज.

मावशी चीज कापायची आणि एक कण फळीवर मुद्दाम ठेवायची. म्हणायची, "हा मिरीचा."

मिरी जायची तुरुतुरु. कण उचलून यायची तुरुतुरु.

खसखस विचारायची, "ताई, आज कुठलं चीज?"

मिरी म्हणायची, "आधी खा. मग ओळख."

खारट चीज खाऊन खसखस म्हणाली, "ताई, हे चीज रडलंय का?"

आंबट चीज खाल्लं, तेव्हा तिचा एक डोळा आपोआप मिटला.

आणि जाळीचं चीज आलं, तेव्हा ती भोकात शिरली. तिथंच झोपली. उठल्यावर तिनं भिंत खाल्ली, छप्पर खाल्लं, आणि बाहेर आली.

एकदा काय झालं? खसखसच्या पायावर साखरेचा दाणा पडला. धप्. पाय सुजला. तिला चालता येईना. ती फटीत बसून राहिली.

मिरी म्हणाली, "साखर खा."

"साखर नको."

"गूळ खा."

"गूळ नको. मला चीज हवं."

मग मिरी निघाली तुरुतुरु. फळीवर चढली. बघते तर काय? फळी रिकामी. सगळं चीज बाजारात गेलेलं. एका कोपऱ्यात एकच कण उरला होता. मिरीनं तो डोक्यावर घेतला आणि अंगणातून चालली तुरुतुरु.

समोरून आली कोंबडी. टच्.

कण गेला कोंबडीच्या पोटात.

"अगं बाई," कोंबडी म्हणाली, "मला वाटलं तांदळाची कणी." आणि गेली निघून.

मिरीचं डोकं हलकं झालं. मन मात्र जड झालं. ती मावशीकडे गेली.

"मावशी, मावशी, चीज दे.
खसखस वाट बघते ना."

मावशी म्हणाली, "देईन गं, का नाही देणार? पण हंड्यात दूध नाही, तर फळीवर चीज नाही. आधी शेळीला सांग."

मिरी निघाली तुरुतुरु. शेळी गोठ्यात बसली होती. म्यॅऽऽ.

"शेळीताई, शेळीताई, दूध दे.
मावशी चीज करेना,
खसखस वाट बघते ना."

शेळी म्हणाली, "देईन गं, का नाही देणार? पण पोटात पाला नाही, तर कासेत दूध नाही. आधी हादग्याला सांग."

हादगा म्हणजे गोठ्यामागचं उंच झाड. मिरी निघाली तुरुतुरु. हादगा मान खाली घालून उभा होता. सळसळ नाही, हालचाल नाही.

"हादगेकाका, हादगेकाका, पाला दे.
शेळी दूध देईना,
मावशी चीज करेना,
खसखस वाट बघते ना."

हादगा म्हणाला, "देईन गं, का नाही देणार? पण मुळाशी पाणी नाही, तर फांदीवर पाला नाही. आधी पाटाला सांग."

पाट म्हणजे शेतात पाणी नेणारा चर. एरवी तो वाहायचा झुळुझुळु. आज तो गप्प होता. मिरी त्याच्या काठाशी गेली तुरुतुरु.

"पाटबाबा, पाटबाबा, पाणी दे.
हादगा पाला देईना,
शेळी दूध देईना,
मावशी चीज करेना,
खसखस वाट बघते ना."

पाट म्हणाला, "देईन गं, का नाही देणार? पण माझ्या पोटात रेडा बसलाय. रेडा उठत नाही, तर पाणी पुढं सरत नाही. आधी रेड्याला सांग."

मिरीनं पाहिलं. खरंच की. पाटाच्या मधोमध रेडा. केवढा मोठा रेडा. मागं पाणी तुंबलेलं, पुढं पाट कोरडा. रेड्यानं श्वास सोडला. फुर्रर्र. मिरी दोन पावलं मागं सरकली. मग परत पुढं आली.

"रेडेमामा, रेडेमामा, ऊठ ना.
पाट पाणी देईना,
हादगा पाला देईना,
शेळी दूध देईना,
मावशी चीज करेना,
खसखस वाट बघते ना."

रेडा म्हणाला, "उठेन गं, का नाही उठणार? पण अंगभर गोचीड चावतात. पाण्यात बसलो की जरा बरं वाटतं. आधी बगळ्याला सांग. तो माझे गोचीड टिपतो. आज आलाच नाही."

मिरी निघाली तुरुतुरु. बगळा बांधावर उभा होता. एका पायावर. पंख फडफड, फडफड. पण उडणं काही नाही.

"बगळेभाऊ, बगळेभाऊ, गोचीड टीप.
रेडा काही उठेना,
पाट पाणी देईना,
हादगा पाला देईना,
शेळी दूध देईना,
मावशी चीज करेना,
खसखस वाट बघते ना."

बगळा म्हणाला, "टिपेन गं, का नाही टिपणार? पण पायात दोरा अडकलाय, त्याचं दुसरं टोक झुडपात गुंतलंय. दोरा तुटत नाही, तर मला उडता येत नाही. आधी खेकड्याला सांग. त्याच्याकडे कात्र्या आहेत."

मिरी निघाली. आता तिचे पाय दुखत होते. तरी निघाली तुरुतुरु. खेकडा बांधाखाली बिळात राहायचा. बिळाचं तोंड वाळक्या चिखलानं बंद झालं होतं. आतून आवाज येत होता. खुडबुड, खुडबुड.

"खेकडेदादा, खेकडेदादा, दोरा काप.
बगळा गोचीड टिपेना,
रेडा काही उठेना,
पाट पाणी देईना,
हादगा पाला देईना,
शेळी दूध देईना,
मावशी चीज करेना,
खसखस वाट बघते ना."

खेकडा आतून म्हणाला, "कापेन गं, का नाही कापणार? पण चिखल वाळलाय. मला बाहेर येता येत नाही. पाणी आलं, की चिखल भिजेल. चिखल भिजला, की मी येईन. आधी पाटाला सांग."

मिरी थांबली.

पाटाला? पाटाला तर सांगून झालं होतं. पाट म्हणाला, रेड्याला सांग. रेडा म्हणाला, बगळ्याला सांग. बगळा म्हणाला, खेकड्याला सांग. आणि खेकडा म्हणतो, पाटाला सांग.

आता सांगायचं तरी कुणाला?

मिरी मटकन खाली बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला खसखस दिसली. फटीत एकटी बसलेली, सुजलेला पाय पुढं केलेली. ताई येईल, ताई येईल, म्हणत असेल.

मिरीनं डोळे पुसले. ती उठली. आणि परत बगळ्याकडे गेली तुरुतुरु.

"बगळेभाऊ, पाय हलवू नको. मीच बघते."

बगळ्यानं मान खाली केली. "तू? तू तर एवढीशी."

"दोरा पण बारीकच आहे," मिरी म्हणाली.

बगळा दगडासारखा उभा राहिला. मिरी त्याच्या पायावर चढली. वर, वर, आणखी वर. दोरा सापडला. चांगला घट्ट बसला होता. मिरीनं तो चावायला सुरुवात केली.

कुरुकुरु. कुरुकुरु.

दोरा तुटेना. तोंड दुखायला लागलं. मिरी जरा थांबली. मग पुन्हा कुरुकुरु. पुन्हा थांबली. पुन्हा कुरुकुरु.

एक पीळ सुटला. दुसरा पीळ सुटला.

तट्.

दोरा तुटला, बगळा सुटला. बगळ्यानं दोन्ही पाय जमिनीवर टेकले. म्हणाला, "हुश्श."

बगळा उडाला फडफड. रेड्याच्या पाठीवर बसला. टिप टिप टिप, गोचीड टिपले. पाठीवरचे टिपले, मानेवरचे टिपले, कानामागचे तर आधी टिपले. रेडा म्हणाला, "हुश्श."

रेडा उठला. धपाक धपाक. पाटाबाहेर आला. पाट म्हणाला, "हुश्श."

पाट वाहिला झुळुझुळु. चिखल भिजला, बीळ उघडलं. खेकडा बाहेर आला कात्र्या उघडून.

"कुठाय दोरा? कुठं कापायचा?"

"तुटला," मिरी म्हणाली.

"बरं झालं," खेकडा म्हणाला. "हुश्श."

पाणी पोचलं हादग्याच्या मुळाशी. हादगा प्याला गटगट गटगट. त्याची मान वर झाली. पानं हलली सळसळ सळसळ. हादगा म्हणाला, "हुश्श."

पाला पडला टपटप. शेळी धावली टपाटप. शेळीनं पाला खाल्ला कचरकचर. पोट झालं टम्म. शेळी म्हणाली, "हुश्श."

मावशी चरवी घेऊन आली. धार लागली चुर्र चुर्र, चुर्र चुर्र. चरवी भरली. मावशी म्हणाली, "हुश्श."

सगळे म्हणाले हुश्श. मिरी मात्र अजून नाही म्हणाली. का बरं? कारण खसखस अजून वाट बघत होती.

मावशीनं दूध तापवलं. लिंबू पिळलं. दूध फाटलं. मावशीनं ते पांढऱ्या फडक्यात बांधलं आणि खुंटीला टांगलं. पाणी गळायला लागलं. टप. टप. टप.

मिरी खुंटीखाली बसून राहिली.

"मावशी, हे मुरायला किती वेळ लागेल?"

"हे मुरवायचं नाही," मावशी म्हणाली. "मुरवतात ते कडक चीज. हे असंच खायचं. आजचं आजच."

फडकं सोडलं. आत काय होतं? पांढरं शुभ्र, थुलथुलीत, अजून कोमट. असं चीज मिरीनं कधी पाहिलंच नव्हतं. फळीवर तर हे कधी आलंच नव्हतं. ते आधी घरातच संपून जायचं.

मावशीनं बोटाच्या टोकावर कण घेतला. "हा मिरीचा." मग आणखी एक घेतला. "आणि हा खसखसचा."

अंगणात बगळा उभा होता. तो म्हणाला, "चालत नको जाऊ. बस माझ्या पाठीवर."

मिरी बसली. दोन्ही कण पोटाशी घट्ट धरले. बगळा उडाला, आणि अगदी फटीपाशी उतरला. मिरी आत गेली तुरुतुरु.

खसखस जागीच होती.

"ताई, किती उशीर," ती म्हणाली. "आज कुठलं चीज?"

"आधी खा. मग ओळख."

खसखसनं खाल्लं. डोळे मिटले. दोन्ही डोळे. ते उघडेनातच. मिरीला काळजी वाटली.

"आवडलं नाही का गं?"

"थांब ना ताई," खसखस म्हणाली. "अजून जिभेवर आहे."

मग तिनं सांगितलं. खारट नाही. आंबट अगदी एवढंसं. धूर नाही, भोकं नाहीत. नुसतं मऊ. तिला ओळखता आलं नाही.

"ह्याचं नाव काय, ताई?"

"आजचं चीज," मिरी म्हणाली.

"मग उद्याचं कसं असतं?"

"उद्या बघू," मिरी म्हणाली.

मग मिरीनं आपला कण खाल्ला. सावकाश, अगदी सावकाश. दुखरे पाय पसरले. खसखस तिला टेकून बसली. सुजलेला पाय तिनं ताईच्या पायावर ठेवला.

आणि आत्ता, अगदी आत्ता, मिरी म्हणाली,

"हुश्श."

पाट वाहिला, पाला पडला, चीज झालं पांढरं.
गोष्ट आली घरापाशी, आता मिटा डोळे बरं.