चाची ओळीत आल्या

“आकडे ओळीत लागलेत की नाही, एवढंच सांगा ना सर!”

मुजावर सरांनी लॅपटॉपकडे पाहिलं. लहानापासून मोठ्यापर्यंत, एकाखाली एक.

“लागलेत.”

“मग?”

“मग तुझा प्रोग्रॅम परत का येत नाही?”

कृत्तिका फणकारली. “मशीन जुनं आहे, म्हणून!”

सर गप्प…

निवृत्त झाल्यापासून सर मिरजेतल्या आपल्या घराच्या व्हरांड्यात पोरांना असेंब्ली शिकवत. मशीनशी थेट त्याच्याच बोलीत बोलायची विद्या. शिकवत कसले, गप्पच बसत! म्हातारी माणसं गप्प बसली की लोक त्याला ज्ञान म्हणतात, आणि आपण गप्प बसलो की अभ्यास झालेला नाही म्हणतात, याचा कृत्तिकाला भारी राग होता.

त्यात उद्या सकाळी बेदाण्याच्या गोदामातल्या काट्यावर नवा प्रोग्रॅम चढायचा होता. पेट्यांची वजनं स्टॅकवर ठेवायची, चढत्या क्रमानं लावायची आणि मूळ कामाकडे परत यायचं. स्टॅक म्हणजे चालू कामापुरत्या वस्तू मशीन जिथे एकीला लागून एक ठेवतं ती जागा. तो प्रोग्रॅम आपलाच चढावा म्हणून कृत्तिकानं जिवाचं रान केलं होतं. तिचा प्रोग्रॅम वजनं झटक्यात लावायचा, पडद्यावर दाखवायचा, आणि तिथेच गोठायचा. दर वेळी.

“कृत्तिका.”

“काय सर?”

“ही पोरं उंचीनं लाव.”

“सर, उद्या सकाळी…”

“तुझा प्रोग्रॅम लावतो तशीच लाव.”

ती उठली. तिला हे काय अवघड! पोरांना तिनं भिंतीला ओळीनं उभं केलं. प्रत्येकाला पुढच्याशी ताडायचं. पुढचा बुटका निघाला तर दोघांची अदलाबदल. टोकाला पोचलं की पुन्हा पहिल्यापासून. फटाफट चाललं होतं. ताडमाड धनपाल सरकत सरकत टोकाला गेला, थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत.

“आता धनपाल! तुझ्या पुढे कोण?”

पुढे दारात चाची उभ्या होत्या. सरांच्या बेगम. चहात साखर किती घालू, एवढंच विचारायला आल्या होत्या.

“चाची बुटक्या! बदला जागा!”

“अगं ए, माझं दूध आहे गॅसवर!”

“एक मिनिट चाची, झालंच!”

धनपाल दारात गेला, चाची ओळीत आल्या. पुढच्या फेरीत आणखी एक जागा अलीकडे, मग आणखी एक… ओरडत, हसत, पदर सावरत चाची पार पहिल्या जागेवर येऊन पोचल्या.

“बघा सर! एक इंच इकडेतिकडे नाही!”

सरांनी ओळ नीट पाहिली. मान डोलावली.

“फार सुंदर.”

आतून फस्सकन आवाज आला.

“दूध!” चाची किंचाळल्या. “अरे धनपाल, बंद कर!”

“कुठलं बटण, चाची?”

“मेल्या, जे जळतंय ते!”

व्हरांडा हसून हसून आडवा झाला. ओळीतली निगार तर खालीच बसली.

“ओळ लागली,” सर म्हणाले. “चहाकडे परत जाणारं माणूस कुठाय?”

कृत्तिकाचं हसू मध्येच थांबलं.

तिनं लॅपटॉप ओढला. पहिलाच आकडा बोटानं दाबून धरला.

“हे… हे वजन कुठल्याच पेटीचं नाही! आणि सगळ्यात जड पेटी यादीत नाहीच! सर, वजनांना लागूनच परतीचा पत्ता ठेवलेला असतो. माझ्या शेवटच्या वजनानं त्याच्याशीच ताडून पाहिलं. पत्ता आला ओळीत, आणि पत्त्याच्या जागी जाऊन बसली पेटी! मशीन बिचारं परत जाणार कुठं?”

“चाचीला विचार.”

“मला काही विचारू नका,” चाची पातेलं घासत आतून ओरडल्या. “आज सगळ्यांना कोरा चहा!”

कृत्तिका केव्हाच टाइप करायला लागली होती. नवं काही लिहायचं नव्हतंच. प्रत्येक फेरीतली शेवटची एक तुलना तेवढी काढून टाकायची. तिनं काढली. चालवून पाहिलं.

वजनं लागली. जड पेटी टोकाला आली. आणि प्रोग्रॅम परत आला.

“आला! सर, आला!” तिनं निगारला उचलून गरकन फिरवलं.

सरांनी खिशातून गोदामाच्या काट्याची केबल काढली आणि तिच्या हातावर ठेवली. कृत्तिकाला मात्र नेहमीसारखं भांडायलाच सुचलं.

“पण हे बरं आहे का, सर? सगळ्यांनी पुढच्याशी ताडून बघायचं. मग शेवटच्यानं काय करायचं?”

सरांनी कोऱ्या चहाचा घोट घेतला…

“त्यानं नुसतं थांबायचं.”