गप्प राहिलेला गवंडी

तुमच्या-आमच्या खापरपणजोबांच्याही आधीची ही गोष्ट. एका सकाळी धरणी हादरली आणि नदीकाठचं एक मोठं नगर मातीला मिळालं. ही बातमी डोंगरावरच्या एका खेड्यात पोचली, तशी तिथली सात माणसं भाकऱ्या बांधून निघाली. बेघरांना घरं उभारून द्यायची, एवढंच त्यांच्या मनात होतं.

त्यांत सटवाजी नावाचा गवंडी होता. त्याने रचलेल्या भिंतीत सुरीचं पातंही शिरत नसे. आणि केरू नावाचा बुरूड होता. टोपल्या न् सुपं विणण्यात त्याचं आयुष्य गेलेलं. बांधकामाच्या दगडाला त्याने कधी हात लावला नव्हता.

या दोघांच्या वाट्याला एका म्हातारीचं घर आलं. ती आणि तिची विधवा सून, दोघीच उरल्या होत्या.

सटवाजीने आल्या आल्या दोरी ताणली, पाया आखला आणि कामाला लागला. केरूने आधी विचारलं, "आजी, तुमची चूल कुठं होती?"

कित्येक दिवसांत म्हातारीला कुणी काही विचारलं नव्हतं. ती उठली, ढिगाऱ्यातून वाट काढत गेली आणि जागा दाखवली. "इथं. सकाळचं ऊन पहिल्यांदा इथं यायचं."

"मग इथंच मांडू," केरू म्हणाला.

त्या दिवसापासून म्हातारीच्या तोंडी केरूचंच नाव. ताकाचा पहिला वाडगा केरूला. सून काही विचारायची तेही केरूला. सटवाजीने कोपरे उभे केले, दाराची चौकट बसवली. कुणी मान वर करून पाहिलं नाही. केरूने मात्र बघून बघून स्वयंपाकघराची भिंत रचायला घेतली, तर शेजारपाजारचे कौतुकाला गोळा झाले.

सटवाजीच्या पोटात दुखू लागलं. ताक त्याला आंबट लागे. केरू कशालाही हसला तरी त्याला वाटे, आपल्यालाच हसला.

एके दिवशी त्याची नजर त्या भिंतीवर गेली आणि तो थबकला. जाड भिंतीच्या दोन्ही बाजू धरून ठेवायला मधूनमधून आरपार लांब दगड घालावा लागतो. केरूने एकही घातला नव्हता. सटवाजीने सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात म्हातारी म्हणाली, "केरूबा, अशी भिंत तर जन्माच्या गवंड्यालाही जमायची नाही!"

सटवाजीने तोंड मिटलं. 'पडू दे एकदा,' तो मनात म्हणाला, 'मग कळेल गवंडी कोण ते.'

तीन दिवस तो त्या भिंतीशेजारून गेला-आला आणि गप्प राहिला.

चौथ्या दिवशी भिंतीवर तुळई टेकवली. भिंत पोटातून फुगली. खाली म्हातारी चूल सारवत होती. केरूने धावत जाऊन तिला ढकललं. ती वाचली, दगड केरूच्या उजव्या हातावर कोसळले.

सगळ्यांनी दगड बाजूला केले. केरू कण्हत म्हणाला, "सटवाजीदादा, चूक माझीच. तुला विचारणार होतो, पण तू रागात दिसायचास. धीर झाला नाही."

सटवाजी त्याच्यापाशी वाकला. "मला तीन दिवसांपूर्वीच दिसलं होतं," तो म्हणाला. "तुझं कौतुक मला बघवलं नाही."

मग म्हातारी म्हणाली, "माझं पहिलं घर धरणीनं पाडलं. तिला डोळे नव्हते. तुला होते."

सटवाजीने ती भिंत पुन्हा रचली. बाकीचे परतले तरी तो नगरातच राहिला, आणि कुणाच्या भिंतीत खोट दिसली की न विचारता सांगत गेला. पण केरूची तीन बोटं पुन्हा कधी मिटली नाहीत. त्यानंतर त्याच्या हातून एकही टोपली विणली गेली नाही.

लहानथोरांनो, दुसऱ्याची चूक दिसत असूनही मत्सरापोटी गप्प राहणं, म्हणजे ती चूक आपल्याच हातानं करणं.