लाल दोनशे पावलं

पिएवेबास्सा गावाच्या वेशीजवळ पांढरा रस्ता एकदम लाल होतो. हमरस्ता सोडल्यापासून तीन किलोमीटर गोल, गुळगुळीत, पांढरी खडी. मग गावातल्या चर्चचा मनोरा स्पष्ट दिसू लागतो आणि खडी संपून विटांचे तुकडे सुरू होतात. बरोबर दोनशे पावलं. त्या लाल पट्ट्यावर कुणी वाहन चालवत नाही. सायकलवाले खाली उतरतात. टपाल वाटणारी बाईसुद्धा आपली स्कूटर बंद करून ढकलत नेते, हे मी नंतर डोळ्यांनी पाहिलं.

आम्हांला आधी यातलं काही माहीत नव्हतं. श्रीरंग, म्हणजे माझा नवरा, इथून दोन तासांवरच्या ट्रॅक्टरच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. लग्नाला चार महिने झाले होते. सायकलचा छंद आहे, हे त्याने लग्नाआधी सांगितलं होतं. किती आहे, ते सांगायचं राहिलं होतं. त्यामुळे सप्टेंबरातल्या एका रविवारी जाड टायरच्या दोन ग्रॅव्हल सायकलींवर आम्ही इटलीतल्या पो नदीच्या खोऱ्यातून निघालो होतो, पोळपाटावरून दोन मुंग्या निघाव्यात तसे. मक्याची शेतं, पाण्याचे पाट, पॉप्लरच्या झाडांच्या सरळ रांगा, दूरवर एखादं जुनं गाव. चढ नावालाही नाही.

सकाळपासून मला एकच गोष्ट खुपत होती. दोन्ही बाजूंना नांगरलेली शेतं होती, आणि त्यांत एक दगड नव्हता. मी कऱ्हाडची. आमच्याकडे शेतात दगड नाही असं होत नाही. इथे नुसती ढेकळं. मग मैलोन्‌मैल ही खडी आली कुठून? श्रीरंगला विचारलं, तर म्हणाला, "ट्रकने आणली असेल." त्याच्याकडे प्रत्येक प्रश्नाचं एक उत्तर असतं, आणि ते लहान असतं.

लाल पट्ट्यावर तो तसाच पुढे गेला. पहिल्याच घराच्या दारात एक म्हातारी शेंगा सोलत बसली होती. तिने मान वर केली.

"घरात सायकल चालवतोस का रे?"

श्रीरंग उतरला. मीही उतरले. आम्ही जवळ गेल्यावर तिने आमच्या बुटांकडे पाहून विचारलं, "पाय कोरडे आहेत का?"

सहा आठवडे पाऊस नव्हता. आपल्या इटालियनमध्येच काही खोट आहे असं वाटून श्रीरंगने पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच म्हटलं. तो म्हणाला, "आहेत."

"मग आत या."

तिचं नाव इओले. वय एक्क्याण्णव. तिने पाणी दिलं, खरबुजाच्या फोडी दिल्या. मी फोड घ्यायला पुढे झाले आणि चुलीजवळ माझा पाय एका खळग्यात गेला. फरशीच्या लाल विटांमधली नेमकी एक वीट नव्हती.

"लागलं?" इओलेआजींनी विचारलं. मी नाही म्हटलं. "लक्षात राहील," त्या समाधानाने म्हणाल्या, आणि सांगायला बसल्या. श्रीरंग मला मराठीत सांगत गेला. पहिल्यांदा थोडक्यात, आणि आजींनी "एवढंच?" म्हणून टोकल्यावर सविस्तर.

फार पूर्वी, असं सांगतात, या गावाला रस्ताच नव्हता. इथली माती चिकण. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत ती पाणी जास्त झालेल्या कणकेसारखी व्हायची. पाय धरायची, सोडायची नाही. त्या दिवसांत गाव मिटून बसायचं.

या गावात ब्रिजिदा नावाची मुलगी लग्न होऊन आली. तिचं माहेर वर, डोंगराच्या पायथ्याशी. तिथे नदीचं पात्र गोट्यांनी भरलेलं. लग्नानंतरच्या दुसऱ्या नोव्हेंबरात निरोप आला की आईचं काही खरं नाही, लगेच ये. ब्रिजिदा आणि तिचा नवरा बैलगाडी घेऊन निघाले. आज ज्या रस्त्याला आपल्याला दहा मिनिटं लागतात, तो कापायला त्यांना तीन दिवस लागले म्हणे. ती पोचली तेव्हा लोक पुरून परतले होते. मांडीपर्यंत चिखलाने माखलेल्या तिला पाहून मावशीने आधी पाण्याची बादली पुढे केली. आईच्या खोलीत जायच्या आधी तिला पाय धुवावे लागले, आणि आत आई नव्हती.

तिथे, ओल्या मातीपाशी, तिने नवस केला. मला मुलगी झाली, तर माझ्या अखेरीला ती कोरड्या पायांनी माझ्यापर्यंत येईल.

पुढच्या उन्हाळ्यापासून ती दर वर्षी कापणी उरकली की माहेरी जायची आणि येताना गाडी भरून नदीतले गोटे आणायची. ती ते हमरस्त्याच्या टोकापासून अंथरायची आणि लाकडी धुमसाने ठोकून बसवायची. सासू चारचौघींत म्हणायची, "लोकांच्या सुना माहेराहून चीज आणतात. आमची नदी उचलून आणते."

इथे श्रीरंगने मनातल्या मनात हिशेब केला. "वर्षाला एक गाडी, तीन किलोमीटर... हे जमत नाही, आजी."

"तू इंजिनिअर का?"

"हो."

"वाटलंच," असं म्हणून त्या पुढे सांगू लागल्या.

पहिल्या दोन वर्षांचे दगड मात्र रस्त्यावर राहिले नाहीत. गावात मुळात दगड नाही, आणि प्रत्येक घरात चीज दाबायला, लोणच्याच्या पिंपाचं झाकण दडपायला जड काहीतरी लागतंच. ब्रिजिदा संध्याकाळी दगड ठोकून घरी यायची आणि सकाळपर्यंत ते नाहीसे झालेले असायचे. चोरी असं कुणाला वाटलंच नाही. रस्त्यात पडलेली वस्तू कामाला लावली, एवढंच. शेजारच्या फोस्काने तर दोन नेले, एक चीजवर आणि एक दार उघडं ठेवायला. ब्रिजिदाने घरोघरी पाहिले, ओळखले, आणि पुन्हा पहिल्या पावलापासून सुरुवात केली. आता प्रत्येक घराला पुरेसे दगड झाले होते, त्यामुळे हे जागेवर राहिले.

तिला मुलगी झाली, तेक्ला. ती वाढली आणि हमरस्त्यापलीकडच्या एका शेतवाडीत दिली. पांढरा रस्ता दरसाल गावाकडे सरकत होता. चोविसाव्या वर्षी दोनशे पावलं राहिली, आणि ब्रिजिदा अंथरुणाला खिळली. नोव्हेंबरच होता. नऊ दिवस पाऊस लागून राहिला होता.

निरोप मिळताच तेक्ला निघाली. आईच्या रस्त्यावरून गाडी सुरेख आली. खडी संपली तिथे चाकं आसापर्यंत रुतली. तेक्लाला आठवा महिना होता. ती उतरली, दुसऱ्या पावलाला गुडघ्यापर्यंत खाली गेली, आणि गाडीवानाने तिला कसंबसं ओढून मागे खडीवर घेतलं. तिथे ती पाय पुसत उभी राहिली. समोर आईची खिडकी दिसत होती.

गाव दारादारांतून बघत होतं. तो मधला चिखल किती आहे, हे सगळ्यांना एकदमच उमगलं असं सांगतात. बरोबर दोन वर्षांच्या दगडांइतका.

फोस्का आत गेली. चीजवरचा दगड उचलून आणला आणि चिखलात ठेवला. मग दाराचा आणला. मग बाकीची घरं निघाली. पण चोवीस वर्षांत किती दगड फुटलेले, किती भिंतीत गेलेले. सगळे मिळून बारा पावलं झाली. फोस्का पुन्हा घरात गेली, पहार घेऊन चुलीजवळ बसली आणि फरशीची पहिली वीट उपटली.

"अगं, हिवाळा तोंडावर आलाय," तिचा नवरा म्हणाला.

"तू पायात मोजे घाल," फोस्का म्हणाली.

त्या दिवशी गावातल्या एकाही स्वयंपाकघरात फरशी उरली नाही. विटा फोडल्या, टाकल्या, बुडाल्या की वरून आणखी टाकल्या. दुपारनंतर पाऊस थांबला. सांजेची घंटा व्हायच्या आधी तेक्ला त्या लाल वाटेवरून चालत आली.

ब्रिजिदाची दृष्टी तोवर गेली होती. मुलगी जवळ बसल्यावर तिने हात खाली नेला, तिच्या तळपायांवरून फिरवला आणि विचारलं, "पाय कोरडे आहेत का?"

"कोरडे आहेत, आई."

टाचांना थोडा लाल रंग लागला होता. चिखल नव्हता. ब्रिजिदा आणखी दोन दिवस होती, असं सांगतात. कुणी म्हणतं चार.

इओलेआजी थांबल्या. श्रीरंगही थांबला. त्याने ट्रकचं नाव काढलं नाही.

मग आजींनी माझ्याकडे पाहिलं. इथे येणारी प्रत्येक नवी सून, मग ती कुठल्याही गावची असो, माहेरचा एक दगड पांढऱ्या रस्त्यात घालते. "तू काय आणलंस?"

मी कमरेची पिशवी उपसली. त्यात निघताना आईने हातात ठेवलेली लग्नातली सुपारी होती. आजींनी ती घेतली, उरलेल्या दातांखाली धरून पाहिली, बाहेर काढून पदराऐवजी एप्रनला पुसली आणि मला परत दिली.

"दगडच आहे," त्या म्हणाल्या.

पांढरं संपतं आणि लाल सुरू होतं, तिथे मी ती दाबून बसवली. श्रीरंगने न सांगता दोन्ही सायकली धरल्या होत्या.

तेक्ला आली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात गावाने नव्या विटा भाजून घरं पुन्हा फरसबंद केली. फक्त पहार जिथे पहिल्यांदा लागली, ती चुलीजवळची जागा सगळ्यांनी मोकळी सोडली. आजही पिएवेबास्सात कुणी नवं घर बांधलं, तरी गवंडी न विचारता तिथली एक वीट कमी लावतो. आजही नवी सून पहिल्या आठवड्यात त्या खळग्यात अडखळते. सासू पास्त्याच्या पोळ्या लाटत असली, तरी मागे वळून बघत नाही. "लागलं?" एवढंच विचारते, आणि नाही म्हटलं की म्हणते, "लक्षात राहील."