मंतरलेला तांब्या

फार जुनी गोष्ट. एका गावात एक जपेबुवा राहत असत. बुवा एकदा आसनावर बसले, की घराला आग लागली तरी उठायचे नाहीत, असं गाव म्हणायचं. बुवांना ते ऐकून बरं वाटायचं. माळ झाकायच्या कापडी गोमुखीत उजवा हात, डोळे मिटलेले, ओठ हलते. जप पुरा होईपर्यंत बोलायचं नाही, हा नेम.

एकदा त्यांची बायको द्वारका तापानं फणफणली. वैद्यांनी नाडी पाहिली, काढा दिला. जाता जाता म्हणाले, "ताप उतरेपर्यंत घोट घोट पाणी पाजत राहा. घसा कोरडा पडू देऊ नका."

बुवांचा बायकोवर जीव होता, खोटं कशाला बोला. त्यांनी ठरवलं, मृत्युंजयाचा जप करून पाणी मंतरायचं आणि तेच तिला पाजायचं. साध्या पाण्याची काय मातब्बरी! तांब्या भरून घेतला, तिच्या अंथरुणाशेजारीच आसन मांडलं आणि जप सुरू केला.

जप अर्ध्यावर आला तशी द्वारका कण्हली. "अहो, पाणी."

बुवांनी डावा हात वर करून थांबायची खूण केली.

"घोटभर तरी द्या हो. जीव कासावीस होतोय."

बुवांच्या काळजात चर्र झालं. पण बोललं तर जप मोडणार, आणि जप मोडला तर त्या पाण्यात राम तो काय राहणार? त्यांनी नुसतं "हूं, हूं" केलं आणि भराभर मणी ओढू लागले. द्वारकेनं कसाबसा हात लांबवला. तिची बोटं तांब्याला लागली. बुवांनी एक डोळा किलकिला करून पाहिलं. जप पुरा व्हायच्या आत पाणी उष्टं होईल, या धास्तीनं त्यांनी तांब्या आपल्याकडे ओढून घेतला.

मग तिनं पुन्हा मागितलं नाही. बुवांना वाटलं, गुण आला, झोप लागली बिचारीला.

शेवटचा मणी सरला. बुवांनी मोठ्या आनंदानं तिचं डोकं मांडीवर घेतलं. "द्वारके, घे आता. पोटभर पी." तांब्या ओठांना लावला. पाणी आत गेलंच नाही. ओठांच्या कडेनं घरंगळलं आणि बुवांच्या धोतरावर सांडलं.

आयुष्यभर घोकलेला मंत्र त्यांना आठवेना. तोंडातून निघाला तो नुसता हंबरडा. तो ऐकून शेजारच्या भागीरथीवहिनी धावत आल्या. द्वारकेचे सुकून फुटलेले ओठ बघून त्या जागीच खिळल्या.

"पाणी नव्हतं का हो घरात, भाऊजी?"

बुवांनी तांब्याकडे पाहिलं. तो अजून भरलेलाच होता.

"होतं," ते म्हणाले. "तिनं हात लावला होता. मीच मागे ओढला."

पुढं बुवा देवळाच्या पायरीशी पाण्याचा रांजण ठेवून बसू लागले. जप चालूच असे. पण कुणी तहानलेलं आलं, की माळ खाली ठेवून उठत.

एकदा एक म्हातारी ओशाळून म्हणाली, "बुवा, माझ्यापायी तुमचा जप मोडला की."

बुवांनी तिच्या ओंजळीत पाणी ओतलं. "तुम्ही प्या," ते म्हणाले. "जप काय, पुन्हा पहिल्या मण्यापासून करता येतो."

तात्पर्य एवढंच: तहानलेल्याची हाक कानी आली, की आधी माळ खाली ठेवावी. देव थांबतो, तहान थांबत नाही.