हलक्या हाताची सुई

डॉक्टर धामणकरांचा हात फार हलका, अशी ख्याती पेठेत खुद्द धामणकरांनीच पसरवली होती. सुगंधाबाई कंबर धरून दवाखान्यात आल्या आणि कमरेखाली सगळं बधिर झालंय म्हणून सांगू लागल्या, तेव्हा डॉक्टरांनी त्यांचं बोलणं तोडून कमरेखाली सुई टोचली.

"अहो, कळलंसुद्धा नाही!" बाई घाबरून म्हणाल्या.

डॉक्टर खुलले. "आमचा हातच तसा आहे!"

मणक्यातली नस दबली होती. मोठ्या दवाखान्यात ते कळेपर्यंत उशीर झाला आणि बाईंचा एक पाय कायमचा लुळा पडला.

भरपाईच्या दाव्यात, ग्राहक आयोगासमोर डॉक्टरांचे वकील गरजले, "बधिरपणाची तक्रार तेव्हा नव्हतीच! उलट सुई कळलीसुद्धा नाही म्हणून बाईंनी डॉक्टरांच्या हाताची तारीफ केली!" धामणकरांनी विनयाने मान लववली.

सुगंधाबाई कुबडी टेकत उठल्या. "साहेब, त्याच हाताने, त्याच जागी वकीलसाहेबांना एक सुई टोचू द्या. त्यांनी हूं की चूं केलं नाही, तर मी आत्ता दावा मागे घेते."

अध्यक्षांनी वकिलांकडे पाहिलं. वकील डॉक्टरांपासून हातभर लांब सरकले.