कुरंडीच्या रिंगणातला दगड

पूर्वी चंपकनगरीत अरिंदम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व कुरंडी नावाच्या लहानशा गावात बैलाच्या जन्माला आला होता. राजाला त्या गावाचे नाव ठाऊक नव्हते, आणि गावाचेही राजावाचून काही अडत नव्हते.

गावाला अभिमान एकाच गोष्टीचा, झुंजीच्या रिंगणाचा. पूर्वजांनी घरटी एक उभा दगड रोवून ते बांधले होते. दरवर्षी एका घराची पाळी असे. त्या घरच्या पुरुषाने कुऱ्हाड घेऊन आत उतरायचे, आणि माणूस किंवा बैल, दोघांतला एक मेल्याखेरीज दार उघडायचे नाही. बैल जिंकला तर त्याला रानात सोडत. हरला तर त्याची शिंगे त्या घराच्या दगडावर टांगत. मेलेल्या माणसांची मात्र काहीच खूण ठेवत नसत. वारसा म्हणे!

त्या वर्षी पाळी आली सोमिल कुंभाराची. त्याची बायको नंदिका दिवस भरलेली होती. "जाऊ नका हो," म्हणत ती रिंगणापर्यंत आली, पण लोकांनी दार लावून घेतले.

आत सोमिलच्या तोंडचे पाणी पळाले. घामाने कुऱ्हाड हातातून निसटत होती. समोरचा बैलही भ्यालेला होता, कारण सोमिलच्या दगडावर त्याच्याच बापाची शिंगे टांगलेली होती. एका धडकेत आपण सुटू, हे त्याला कळत होते. तो दोन पावले पुढे आला आणि गुडघे टेकून त्याने मान जमिनीवर ठेवली.

"भिऊ नकोस बाबा," तो म्हणाला. "भीती मलाही वाटते. पण तुझे मूल पोरके करून मला जगायचे नाही. एका घावात आटप."

"अरे, बघतोस काय? घाल घाव!" बाहेरून गावचा मुख्य आणि जमलेले लोक ओरडले.

सोमिलने कुऱ्हाड उचलली आणि फेकून दिली. त्याला रडू कोसळले. मग तो आपल्या घराच्या दगडाला खांदा लावून रेटू लागला. बैल उठला आणि त्यानेही शेजारी कपाळ लावले.

"मेल्या, पूर्वजांचा दगड आहे तो!" मुख्य किंचाळला.

"माझ्याच पणजोबांचा," सोमिल धापा टाकत म्हणाला. "माझ्या घरचा दगड काढायला मला कोण अडवणार?"

दगड कलंडला, आणि त्या फटीतून दोघेही जिवंत बाहेर आले. दुसऱ्या दिवशी, पुढच्या वर्षी ज्या घराची पाळी होती, त्या घराने आपला दगड उपटून नेला.

जमलेल्या भिक्खूंना एवढे सांगून भगवान शास्ते म्हणाले, "भिक्खूहो, एकट्याने रानात ध्यानाला जायला भ्याला म्हणून सकाळी तुम्ही ज्याला हसलात, तो उत्तिय म्हणजेच तेव्हाचा सोमिल. 'घाल घाव' म्हणणारे तुम्ही होतात, आणि तो बैल मी. आपण भ्यालेलो असतानाही दुसऱ्याचे भय काढून घेणे, याला अभयदान म्हणतात."

उत्तिय उठला. सकाळी हसणारेच या खेपेला त्याच्याबरोबर रानाकडे निघाले.